टेबलावर राहिलेली गोळी

२०२४ च्या ऑगस्टमधली गोष्ट. नववी ब चा शेवटचा तास संपला, बाकं सरकवल्याचा रोजचा खरखराट झाला, दप्तरं पाठीवर चढली आणि अर्ध्या मिनिटात वर्ग रिकामा. मी फळा पुसत होते. वळून पाहिलं तर टेबलावर हजेरीपटाच्या शेजारी एक लिमलेटची गोळी. हिरवी, कागदातली, न उघडलेली. कोणी ठेवली ते मला माहीत होतं, कारण दारातून सगळ्यात शेवटी बाहेर पडणारी पाठ मी ओझरती पाहिली होती. दुसऱ्या बाकावर खिडकीशी बसणारी ती मुलगी. हाक मारावीशी वाटली. पण काय म्हणून मारणार? ‘तुझी गोळी राहिली गं’? राहिली नव्हती ती. टेबलाच्या बरोबर मध्यभागी, सांभाळून ठेवलेली होती.

त्या दिवशी आम्ही वर्गात कॉफीचा खेळ खेळलो होतो. ही कल्पना काही माझी नव्हे. ऑक्सफॅम या ब्रिटिश संस्थेने शाळांसाठी असा खेळ फार पूर्वी तयार केला, त्यात युगांडातल्या शेतकऱ्यापासून कॉफीचा प्रवास सुरू होतो. मी त्याला आपला पुणेरी अंगरखा चढवला. चौकातल्या वातानुकूलित कॅफेत अडीचशे रुपयांना मिळणारी एक कॉफी, तिच्या शंभर लिमलेटच्या गोळ्या. वर्गाचे पाच गट: शेतकरी, व्यापारी, जहाजवाले, भाजणारी कंपनी आणि कॅफे. प्रत्येक गटाने आधी आपापसांत ठरवायचं, आपल्या कष्टाच्या किती गोळ्या व्हायला हव्यात. सगळ्यांच्या मागण्यांची बेरीज झाली एकशे ब्याण्णव. मग घासाघीस. आवाज इतका वाढला की शेजारच्या वर्गातल्या बाई दोनदा डोकावून गेल्या. शेतकऱ्यांचा गट चाळीसवरून पस्तीस, पस्तीसवरून अठ्ठावीसवर आला आणि तिथे अडून बसला. कॅफेच्या गटात एक मुलगा आहे, त्याच्या वडिलांचं सिंहगड रोडला अमृततुल्य आहे. तो बाकावर उभा राहून ओरडत होता, “भाडं कोण भरणार? गॅस? दोन पोरं कामाला आहेत, त्यांचा पगार?” त्याचं चूक नव्हतं. कपातलं नुसतं दूध घ्या. दीडशे मिली धरलं तरी नऊ-दहा रुपयांचं होतं.

शेवटी मी फळ्यावर हिशेब मांडला. एका कपाला भाजलेली कॉफी दहा ग्रॅम. भाजताना पाचवा-सहावा हिस्सा वजन जळून जातं, म्हणजे कच्चं बी बारा ग्रॅम. फेअरट्रेडवाल्यांनी, म्हणजे शेतकऱ्याला रास्त भाव देणाऱ्या मालावर शिक्का मारणाऱ्या संस्थेने, धुतलेल्या अरेबिका जातीच्या कॉफीसाठी ठरवलेला किमान भाव २०२३ पासून पौंडाला १ डॉलर ८० सेंट. पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. करा भागाकार, मग डॉलरचे रुपये. उत्तर आलं चार रुपये. अडीचशेतले चार. वर्ग एकदम शांत झाला, आणि खरं सांगायचं तर त्या शांततेचं मला फार सुख झालं. शिक्षकाला वर्षातून दोन-तीनदाच अशी शांतता मिळते. मग ढोबळ मानाने गोळ्या वाटल्या. शेतकऱ्यांना दोन, तीही त्यांच्या बाजूने जरा वर ओढून. व्यापाऱ्याला एक, जहाजाला एक, भाजणाऱ्या कंपनीला सहा, आणि कॅफेला नव्वद. नऊ पोरांच्या गटात दोन गोळ्या. ती पोरं हसायला लागली, मग गप्प झाली.

तेव्हा तो अमृततुल्यवाला उठला. ओंजळीत गोळ्या घेऊन वर्गभर फिरला आणि प्रत्येकाच्या हातावर ठेवत गेला. शेतकऱ्यांना आधी. कोणीही सांगितलेलं नव्हतं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या आणि म्हटलं, “शाब्बास! बघा रे, याला म्हणतात न्याय.”

हे वाक्य मी बोलले. मला चांगलं आठवतं, कारण त्यानंतर पाच मिनिटांत ती गोळी टेबलावर होती.

त्या रात्री भांडी विसळताना अचानक मामाची आठवण झाली. माझं आजोळ निफाड तालुक्यातलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं चाळीतला कांदा निवडायला बसायचो. चाळ म्हणजे कांद्याची, बांबूच्या भिंतींची, मधून वारा खेळणारी. सडका बाजूला, कोंब आलेला बाजूला, बारीक गोल्टी वेगळी. हाताला येणारा तो वास दोन-दोन दिवस जायचा नाही, आणि पायाखाली कांद्याच्या सालींचा गुलाबी कचरा उडत राहायचा. एकदा मामाने मला लिलावाला नेलं होतं. ट्रॅक्टरच्या रांगा, व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीपाशी थांबतो, कोणीतरी चार कांदे हातात घेतो, एक कापतो, आकडे ओरडले जातात आणि मिनिटभराच्या आत घोळका पुढच्या ट्रॉलीकडे. चार महिन्यांचं पीक, आणि त्याला लागलेला वेळ मिनिटभर. मामा ट्रॉलीच्या फळीला टेकून उभा होता. तोंडातून एक शब्द नाही. मी विचारलं, “मामा, तू का नाही काही बोलत?” तो म्हणाला, “आपण बोलायचं नसतं इथं. माल बोलतो.” तेव्हा मला ते वाक्य फार भारी वाटलं होतं. आता नाही वाटत.

एका वर्षी भाव पडले म्हणून मामाने माल लांबच्या मोठ्या बाजारात एका आडत्याकडे पाठवला. आठ दिवसांनी पट्टी आली. हमाली, तोलाई, गाडीभाडं, वाराई, आडत सगळं वजा करून खाली जी रक्कम उरली होती ती मामाने घ्यायची नव्हती, द्यायची होती. उलटी पट्टी. कांदा पिकवणाऱ्या घरात हा शब्द मोठ्याने उच्चारत नाहीत. मामाने ती घडी घालून कालनिर्णयच्या मागे खोचली आणि बैलांना पाणी पाजायला निघून गेला. त्याच आडत्याकडून दिवाळीत मिठाईचा पुडा आला, एसटीच्या पार्सलने. आडत्या वाईट माणूस नव्हता, दरवर्षी सगळ्या शेतकऱ्यांना पाठवायचा. मामाने पुड्याला हात लावला नाही. मामी म्हणाली, पोरांना तरी खाऊ द्या. आणि आम्ही खाल्ली. मी दहा वर्षांची होते, काजूकतली आयुष्यात पहिल्यांदाच खात होते. तिच्यावरचा चांदीचा वर्ख जिभेवर विरघळायच्या आधी टाळ्याला चिकटतो, हे मला त्या दिवशी कळलं. इतकी सुंदर चव मी त्याआधी चाखली नव्हती. मामा ओट्यावर बसून सुपारी कातरत आमच्याकडे बघत होता. रागावला होता असंही म्हणता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी गृहपाठाच्या वह्या आल्या. ‘कॉफीच्या व्यापारातून मी काय शिकलो?’ असा माझा बाळबोध प्रश्न. बेचाळीसपैकी एकतीस वह्यांत थोड्याफार फरकाने तेच: मी मोठा झाल्यावर फेअरट्रेडचा शिक्का असलेलीच कॉफी पिईन. काहींनी तो शिक्का काढून रंगवलाही होता, निळा-हिरवा. अक्षर सुंदर, हेतू सुंदर. मीच शिकवलं होतं, त्यांचा काय दोष? पण एकतीस वह्या तपासताना सारखं वाटत राहिलं, की मी यांना शेतकऱ्याबद्दल काही शिकवलंच नाही. मी यांना चांगलं गिऱ्हाईक व्हायला शिकवलं. गोळी ठेवून गेलेल्या त्या मुलीच्या वहीत फक्त आकडे होते. २, १, १, ६, ९०. खाली रेघ आणि बेरीज. बेरीज बरोबर होती, मी बरोबरची खूण केली.

त्या शिक्क्याची जन्मकथा मी वर्गात सांगितली नव्हती. वेळ नव्हता असं मी स्वतःला सांगते. ऐंशीच्या दशकात मेक्सिकोतल्या ओआखाका प्रांतात फ्रान्स फान देर होफ नावाचा एक डच पाद्री डोंगरातल्या आदिवासी कॉफी उत्पादकांबरोबर राहत होता. तिथल्या लोकांनी आपली सहकारी संस्था काढली, तिचं नाव उसिरी. युरोपातून त्यांना देणग्या यायच्या. या शेतकऱ्यांचं म्हणणं साधं होतं: देणग्या ठीक आहेत, पण कॉफीला नीट भाव दिलात तर दरवर्षी हात पसरायची वेळच येणार नाही. त्यातून १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये पहिला शिक्का निघाला, मॅक्स हाव्हेलार. हे नाव १८६० सालच्या एका डच कादंबरीच्या नायकाचं. जावा बेटावर डच सरकार शेतकऱ्यांकडून सक्तीने कॉफी पिकवून घ्यायचं, त्या लुटीवरची कादंबरी. तिच्या नावाचा पुढचा भाग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा दचकले होते. ‘किंवा डच व्यापारी कंपनीचे कॉफीचे लिलाव’. लिलाव! मला ॲमस्टरडॅम दिसायच्या ऐवजी ट्रॉलीच्या फळीला टेकलेला मामा दिसला.

म्हणजे या शिक्क्याचं मूळ ‘दान नको, भाव द्या’ हे होतं. आणि मी वर्गात दान देणाऱ्याला शाब्बास म्हटलं आणि त्याला न्याय हे नाव दिलं.

बरं, शिक्का आला आणि पुढच्याच वर्षी, जुलै १९८९ मध्ये, जगाचा कॉफी करार मोडला. १९६२ पासून कॉफी पिकवणारे आणि विकत घेणारे देश एकत्र बसून कोणी किती कॉफी बाजारात आणायची याचे कोटे ठरवायचे. तो करार निर्दोष नव्हता, पण भावाला खाली काहीतरी जमीन होती. ती गेली. भरीला व्हिएतनाम बघता बघता जगातला दुसऱ्या क्रमांकाचा उत्पादक झाला. २००१ च्या शेवटी न्यूयॉर्कच्या वायदेबाजारातला कॉफीचा भाव पौंडाला ५० सेंटच्याही खाली गेला. एवढ्यात कित्येकांचा पिकवण्याचा खर्चही निघत नव्हता. कॉफीचा एक दाणाही जिथे पिकत नाही ती जर्मनी कॉफी भाजून जगाला विकते, आणि स्वित्झर्लंडची कॉफीची निर्यात त्यांच्या चॉकलेट आणि चीजपेक्षा मोठी आहे. युरोपात कच्चं बी पाठवलं तर आयात शुल्क शून्य, तेच भाजून पाठवलं तर, सवलतीचा करार नसेल तेव्हा, साडेसात टक्के. पोरांना हे सांगितलं की पोरं विचारतात, “का?” मी म्हणते, विचार करा. खरं तर विचार करण्यासारखं त्यात फारसं काही नाही, भाजण्यातच पैसा आहे.

एक चित्र मात्र मी दरवर्षी दाखवते. ब्राझीलमध्ये कॉफी जाळतानाचं. १९३१ पासून पुढच्या बारा-तेरा वर्षांत त्यांनी सुमारे पावणेआठ कोटी पोती नष्ट केली, भाव सावरावा म्हणून. यावर आमच्या पोरांना नवल वाटत नाही. “बाई, टोमॅटो रस्त्यावर टाकतात तसं?” हो, तसंच. त्याच जागतिक मंदीच्या काळात आपल्याकडे कॉफीवर उपकर बसला आणि लोकांनी कॉफी प्यावी म्हणून त्या पैशांतून कॉफी हाऊस निघाली. पहिलं १९३६ मध्ये, मुंबईत चर्चगेटला. म्हणजे ज्या कॉफी हाऊसात बसून एका अख्ख्या पिढीने जग बदलायच्या गप्पा मारल्या, ती न खपलेला माल खपवायची युक्ती होती. मला ही गोष्ट कमालीची आवडते. कोणाची टिंगल म्हणून नव्हे, मी स्वतः तिथल्यासारख्याच एका खुर्चीत बसून लग्नाला होकार दिला आहे.

डिसेंबरात आम्ही पर्यावरण मंडळाची चौदा मुलं घेऊन कर्नाटकात कोडगूला, म्हणजे कूर्गला गेलो. म्हैसूरपर्यंत रेल्वे, पुढे बस. त्या मुलीचं नाव यादीत नव्हतं. फी साडेसहा हजार होती. मी यादी तीनदा वाचली आणि सही करून दिली.

तिथल्या सोमवारपेठ गावाच्या बाजूला एका निवृत्त फौजी माणसाचा मळा. बावीस एकर, म्हणजे सरकारी कॉफी बोर्डाच्या हिशेबात छोटाच शेतकरी. नोकरीत काही वर्षं खडकीला काढलेली, त्यामुळे “या, या, बसा” एवढं मराठी ठणठणीत, पुढे फौजी हिंदी. मुलांना त्यांनी आधी गूळ घातलेली काळी कॉफी दिली, पितळी पेल्यांतून. दुधाशिवाय कॉफी म्हटल्यावर अर्ध्या पोरांची तोंडं वाकडी झाली, पण गुळाने वेळ मारून नेली. मग मळा दाखवला. सिल्व्हर ओकच्या सरळ खोडांवर चढलेले मिऱ्याचे वेल, खाली सावलीत कॉफीची झुडपं, पानांवरून टपटपणारं दव. पल्पिंगच्या, म्हणजे फळाची साल आणि गर काढायच्या यंत्राजवळ आंबूस-गोड वास, काकवी आणि शिळ्या फणसाच्या मधला कुठलातरी. लाल फळ दातात धरून दाबलं की गोड, बुळबुळीत गर येतो आणि दोन बिया जिभेवर. या गोडव्याचा आणि कॉफीच्या चवीचा काडीचा संबंध नाही.

फौजी काका त्या दिवशी खुशीत होते. ब्राझीलमधल्या दुष्काळामुळे न्यूयॉर्कच्या बाजारात कॉफीने त्याच महिन्यात १९७७ चा उच्चांक मोडला होता. “मैंने कुछ नहीं किया,” ते हसून म्हणाले. “पानी वहाँ नहीं गिरा, पैसा यहाँ गिरा.” सकाळी उठून आधी फोनवर भाव बघायचा, मग देवाला नमस्कार. वडिलांच्या काळी असं नव्हतं. तेव्हा १९४२ च्या कायद्याने सगळी कॉफी बोर्डाच्या पूलमध्ये, म्हणजे सामाईक साठ्यात द्यावी लागायची आणि पैसे हप्त्याहप्त्याने यायचे, इतके सावकाश की वडील चेकची वाट बघत देवाघरी जातील असं आई म्हणायची. १९९६ पर्यंत ते सगळं सुटलं. “तब पता था कितना मिलेगा, कब मिलेगा पता नहीं था. अब उल्टा है.” मग खोडकिड्याने मेलेली झाडं दाखवली, आतून भुगा झालेली, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलोऱ्याचा पाऊस एक आठवडा मागेपुढे झाला तर काय होतं ते सांगितलं. मी फेअरट्रेडचा विषय काढला. त्यांनी मान हलवली. कॉफीत तो शिक्का छोट्या शेतकऱ्यांच्या संघटनांना मिळतो, एकट्यादुकट्याला नाही. आणि या वर्षी हवाय कोणाला? बाजारभाव किमान भावाच्या जवळजवळ दुप्पट चाललाय. कोलंबियात २०२१ मध्ये भाव चढले तेव्हा कित्येक शेतकऱ्यांनी आधी ठरलेल्या भावाची कॉफी संस्थेला दिलीच नव्हती, हे मी वाचलं होतं. तेव्हा मला त्यांचा राग आला होता. पण मामाने काय केलं असतं? दारात रोकडा घेऊन आलेल्या माणसाला परत पाठवलं असतं?

मग तोडणी. मुलांच्या कमरेला गोणपाट बांधलं आणि तासभर फळं तोडायला लावली. पहिली पाच मिनिटं सेल्फी, पुढची पाच उत्साह, मग लाल मुंग्या. फांदी वाकवायची, पिकलेलं तेवढंच फळ बोटाने पिरगाळून काढायचं, हिरवं ठेवायचं, देठ मोडायचा नाही. चौदा जणांनी तासात मिळून तोडली अकरा किलो, त्यात दोन-अडीच किलो हिरवी. शेजारच्या ओळीत आसामहून आलेल्या बायका होत्या. त्यांच्या हाताकडे बघत राहावं. डोळे भलतीकडे, तोंडाने गप्पा, आणि फळं गोणपाटात पावसासारखी पडताहेत. संध्याकाळी ताडपत्रीवर ओतून त्या हिरवी फळं निवडत बसल्या. मला चाळ आठवली. तसंच बसणं, तसाच एक गुडघा वर. मेस्त्री, म्हणजे तिथला मुकादम, काट्याला गोण अडकवून वजन पुकारायचा आणि वहीत लिहायचा.

आमच्यातल्या एका मुलाने विचारलं, किलोला किती मिळतात? मेस्त्री म्हणाला, पाच रुपये. भाव एवढा चढला, मग हाही चढला का? काकांनीच उत्तर दिलं. चारचे पाच केले, कारण शेजारचा साडेचार द्यायला लागला होता आणि माणसं मिळत नाहीत. लपवालपवी नाही, शरमही नाही. मला त्यांचा हा सरळपणा आवडला आणि त्याच वेळी पोटात काहीतरी हललं. त्या बायकांपैकी एकीने आमच्यातल्या एका मुलीला हिंदीत विचारलं, तुमच्याकडे कॉफी केवढ्याला मिळते? ती पटकन म्हणाली, “ढाई सौ.” बाईला वाटलं किलोचा भाव. नाही, एका कपाचा, म्हटल्यावर तिने ते आपल्या भाषेत बाकीच्यांना सांगितलं आणि सगळ्या जणी हसत सुटल्या. एक तर पदर तोंडाला लावून मागे रेलली. रागाचा लवलेश नाही. आपल्याला कोणी सांगितलं की अमुक गावात लोक चालायचे पैसे देतात, तर आपण हसू तसं. आमची मुलगीही हसली आणि मग माझ्याकडे बघून थांबली. मी काय सांगणार होते तिला?

परतीच्या गाडीत, वरच्या बर्थवर, पोरं अंताक्षरी खेळत असताना मी तिकिटाच्या मागे हिशेब मांडला. बारा ग्रॅम बियांना साधारण सत्तर ग्रॅम फळं लागतात. चाळीसेक फळं. किलोला पाच रुपये म्हणजे सत्तर ग्रॅमचे पस्तीस पैसे. एक गोळी अडीच रुपयांची. पस्तीस पैसे म्हणजे गोळीचा सातवा हिस्सा. आणि मग लक्षात आलं की माझ्या खेळात या बायकांचा गटच नव्हता. शेतकऱ्यांच्या दोन गोळ्यांसाठी मी हळहळ केली होती, टाळ्या पिटल्या होत्या. त्या दोन गोळ्यांच्या आत कोणीतरी आहे हे माझ्या शंभराच्या बेरजेत कुठे दिसलंच नाही. मामाच्या चाळीत आमच्याबरोबर कांदा निवडायला दोन बायका यायच्या, रोजाने. मामाची उलटी पट्टी मला चाळीस वर्षं आठवते आहे. त्या वर्षी त्यांचा रोज मामाने दिला का, कधी दिला, हे मी कधी विचारलं नाही. आता मामा नाही. मामीला फोन करून विचारता येईल. दोनदा नंबर लावला आणि गुडघेदुखीची चौकशी करून ठेवला.

फेब्रुवारीत न्यूयॉर्कचा भाव पौंडाला ४ डॉलर ३० सेंटच्याही वर गेला. मी पुन्हा भागाकार केला. कपातली कॉफी दहा रुपयांची झाली, म्हणजे दुधाच्या बरोबरीला आली. शेतकऱ्याच्या चार गोळ्या. चौकातल्या कॅफेने लगेच कपामागे तीस रुपये वाढवले आणि काउंटरवर पाटी लावली, जागतिक बाजारातील दरवाढीमुळे. फार तर सहा रुपये वाढले तिथे तीस. आमच्या अमृततुल्यवाल्याला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, “बाई, बाकीच्यांचं पण वाढलं असेल ना. दूध वाढलं.” मोठा झाला की हा नीट धंदा करणार आणि दुकानातल्या पोरांना वेळेवर पगार देणार, याबद्दल मला शंका नाही.

त्या मुलीला मी वर्षभर काही विचारलं नाही. तिच्या घरचं काय, वडील काय करतात, हे ऑफिसातल्या फाइलीत असतं. कपाटापर्यंत जाऊन एकदा परतही आले. कदाचित तिला लिंबाची चव आवडत नसेल. कदाचित दात दुखत असेल. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीने गोळी ठेवून जाण्याला शंभर कारणं असू शकतात, त्यातली नव्याण्णव कॉफीशी संबंध नसलेली. आता ती दहावीत आहे, तुकडी बदलली. जिन्यात भेटली की “नमस्ते बाई” म्हणते आणि बाजूला सरून उभी राहते.

उद्या नव्या नववीला तोच खेळ घ्यायचा आहे. या वेळी सहा गट. रात्री गोळ्या मोजल्या तर नव्याण्णवच भरल्या, दुकानदाराने एक कमी घातली होती किंवा मीच मोजताना चुकले होते. पर्समधला शाळेचा डबा उघडला. खडूच्या तुकड्यांत, रबरबँडांत ती हिरवी गोळी अजून होती, कागद चिकटून पारदर्शक झालेला. ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं, गोळी त्यावर ठेवली आणि बत्त्याने एक हलका ठोका दिला. काही झालं नाही. दुसरा जरा जोरात दिला तर तिचे पाच तुकडे झाले, एक मोठा, दोन बरे, दोन अगदीच खडे, आणि बाकी भुगा. सातवा हिस्सा यातला कुठला? हे आतून विचारत होते, एवढ्या रात्री काय कुटतेस. मी म्हटलं, काही नाही. मग भुगा एका बाजूला लोटून दोन खडे कागदाच्या पुडीत बांधले, पुडीवर पेनने ‘तोडणी’ लिहिलं आणि बोटांना लागलेलं लिंबू चाटून टाकलं.